‘गेले होते’ म्हणजे दरवेळी ‘हॅड गॉन’ नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी एका कंपनीत सेल्सच्या टीमला सपोर्ट देते, बरीच वर्षं झाली. शाळा मराठी माध्यमाची. नवीन मॅनेजर आल्यापासून माझ्या मेलमधला ‘हॅड’ ते खोडतात. ‘आय हॅड गॉन टू द क्लायंट्स ऑफिस यस्टरडे’ असं लिहिलं की ‘आय वेंट’ करून परत पाठवतात, तेही सगळ्यांना सीसीमध्ये ठेवून. शाळेत आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं की वाक्यात होतो, होते, होता आलं की हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. मग मी ठरवलं की हॅड लिहायचाच नाही. तर परवा रिपोर्टमध्ये ‘व्हेन आय रीच्ड, द पर्चेस हेड वेंट’ असं लिहिलं आणि त्यावर शेरा आला की इथे हॅड हवा. मुलगा नववीत आहे, त्याला मीच हे शिकवलं होतं, त्याचे मार्क गेले, आता तो मला काही विचारत नाही. हॅड गॉन नक्की कधी वापरायचं? या वयात स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? मॅनेजरांशी बोलायचं धाडस होत नाही, आपलंच इंग्लिश कच्चं तर बोलणार काय.

उत्तर:

तुमची दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तुमचे मॅनेजर दोन्ही वेळा बरोबर आहेत हे खरं, पण तुम्हीही दोन्ही वेळा मनाला येईल ते लिहिलेलं नाही. पहिल्यांदा तुम्ही शाळेतला नियम पाळलात, दुसऱ्यांदा मॅनेजरांच्या खोडाखोडीवरून जो नियम तुम्हाला वाटला तो पाळलात. म्हणजे तुम्ही नियमाने चालणाऱ्या आहात आणि तुमच्या हातात आलेले दोन्ही नियम अर्धवट होते. ‘माझं इंग्लिश कच्चं’ हे जे तुम्ही पत्रात तीन-चार वेळा लिहिलंय ते मला त्यामुळे पटत नाही. मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, बाकी भारतीय भाषा बोलणारी लाखो माणसं रोज ऑफिसात ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ लिहितात, भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे लोक ही सवय वेगळी नोंदवतात इतकी ती पसरलेली आहे. ती बेफिकिरीतून येत नाही, मराठीतून येते, आणि मराठीतून कशी येते ते एकदा नीट दिसलं की अर्धं काम झालंच म्हणून समजा.

सगळ्यात आधी ‘होते दिसलं की हॅड’ हे समीकरण सोडून द्या, कारण मराठीतलं होते एकटं बरीच कामं करतं. मी जात होते, इथे इंग्रजीत वॉज गोइंग येतं. मी जाणार होते, इथे वॉज गोइंग टू गो. मला जायचं होतं, इथे आय वॉन्टेड टू गो किंवा आय हॅड टू गो, जसा प्रसंग असेल तसं. आणि मी गेले होते, इथे कधी वेंट, कधी हॅड गॉन, कधी हॅड बीन. एवढ्या सगळ्यांना एकच औषध लागू पडेल असं शाळेत सांगितलं गेलं कारण भाषांतराच्या प्रश्नाला झटपट मार्क मिळवायला ते सोपं होतं, आणि दोन्हीकडच्या काळाला नावही एकच आहे, पूर्ण भूतकाळ. नाव एक असलं तरी मराठीतला पूर्ण भूतकाळ आणि इंग्रजीतला पूर्ण भूतकाळ वेगवेगळं काम करतात.

आता मराठीत आपण ‘गेले होते’ का म्हणतो ते बघा. ‘मी क्लायंटकडे गेले’ असं म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटतं पुढे काहीतरी सांगणार, तिथे काय झालं वगैरे, वाक्य लटकतं. आणि माणसाबद्दल नुसतं ‘ते गेले’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून गेले, काम झालं, परत आले, आता तो विषय संपला हे सगळं मिळून सांगायला आपण होते जोडतो. ‘काल क्लायंटकडे गेले होते’ यात परत आल्याची बातमी न सांगता आलेली असते. इंग्रजीतल्या वेंटला ही अडचण नाहीच. आय वेंट टू द क्लायंट्स ऑफिस यस्टरडे, संपलं वाक्य, लटकत नाही, परत आलात की नाही हे ते सांगतही नाही आणि कोणी विचारतही नाही. म्हणजे आपण जो हॅड घालतो तो मराठी वाक्याची गरज भागवायला घालतो, इंग्रजी वाक्याला तिथे ती गरज नसते.

इंग्रजीतल्या हॅडची गरज वेगळी आहे. हॅड गॉन ही शिडी आहे असं समजा, ती टेकवायला भूतकाळातलीच एक भिंत लागते, भूतकाळातला दुसरा एखादा क्षण किंवा प्रसंग, ज्याच्याही आधी हे जाणं झालेलं होतं. हान्स राइशेनबाख नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली हीच गोष्ट तीन बिंदूंत मांडली होती: एक घटना घडली तो बिंदू, एक आपण बोलतोय तो बिंदू, आणि तिसरा, आपण कुठे उभं राहून त्या घटनेकडे बघतोय तो बिंदू. आय वेंट म्हणताना बघण्याचा बिंदू आणि घटनेचा बिंदू एकाच जागी असतात. आय हॅड गॉन म्हणताना मात्र घटना सगळ्यात मागे, बघण्याचा बिंदू तिच्या पुढे पण तरी भूतकाळातच, आणि बोलणं आत्ता. ‘आय हॅड गॉन टू द क्लायंट्स ऑफिस यस्टरडे’ वाचणाऱ्या इंग्रजी माणसाला म्हणून प्रश्न पडतो की गॉन, पण कशाच्या आधी? पुढच्या वाक्यात उत्तर येईल म्हणून तो थांबतो आणि पुढच्या वाक्यात तुमचं रिगार्ड्स येतं.

हे तुमच्याच रिपोर्टातल्या वाक्यावर लावून बघू, कारण तुमचं दुसरं वाक्य या विषयावरचं फार चांगलं उदाहरण आहे. ‘व्हेन आय रीच्ड, द पर्चेस हेड वेंट.’ याचा सरळ अर्थ असा की तुम्ही पोचलात आणि ते निघाले, म्हणजे पोचणं आधी, जाणं नंतर. वाचणाऱ्याला वाटेल तुम्हाला बघून ते उठून गेले की काय. ‘व्हेन आय रीच्ड, द पर्चेस हेड हॅड गॉन.’ आता पोचणं ही भिंत झाली, जाणं तिच्या आधीचं, तुमची भेट झालीच नाही. एका हॅडने कोणाची चूक होती तेच बदललं बघा, पहिल्या वाक्यात ते असभ्य ठरतात आणि दुसऱ्यात तुम्हाला उशीर झाला एवढंच. मॅनेजरांनी इथे शेरा मारला तो व्याकरणाच्या हौसेने मारलेला नसावा, रिपोर्टचा अर्थच फिरत होता. आणि मला विचाराल तर इथे गॉनपेक्षा ‘हॅड ऑलरेडी लेफ्ट’ अजून बरं, कारण ते कुठे गेले हे तुम्हाला सांगायचं नाहीये, ऑफिसातून निघाले एवढंच सांगायचंय, आणि निघण्यासाठी इंग्रजीत लीव्ह हेच क्रियापद जास्त नेमकं आहे.

मग लिहिताना चटकन ओळखायचं कसं. इंग्रजीकडे न जाता तुमच्या मराठी वाक्यात ‘त्याच्या आधीच’ हे शब्द घालून बघा. ‘मी काल त्याच्या आधीच क्लायंटकडे गेले होते.’ कशाच्या आधीच? उत्तर नसेल तर वेंट. ‘मी पोचले, पण ते त्याच्या आधीच गेले होते.’ कशाच्या आधीच? मी पोचायच्या. उत्तर आहे, तर हॅड. भिंत त्याच वाक्यात असली पाहिजे असं मुळीच नाही, ती मागच्या वाक्यात असू शकते, वरच्या पॅराग्राफमध्ये असू शकते, कधी बाय टेन ओक्लॉक सारख्या वेळेत असते, फक्त वाचणाऱ्याला ती सापडली पाहिजे. आणि एकदा हॅड लावून मागे गेलात की पुढच्या प्रत्येक क्रियापदाला हॅड लावत बसू नका, पहिल्या एक-दोन क्रियापदांना लावला की वाचणारा त्या काळात पोचलेला असतो, तिथून साधा भूतकाळ चालतो. आफ्टर किंवा बिफोर असेल तर आधी काय नंतर काय ते त्या शब्दानेच कळतं, तिथे हॅड नाही घातला तरी बहुतेक वेळा चूक नाही.

अगो हा शब्द आला की सावध व्हा. टू इयर्स अगो वुई वेंट, इथे हॅड नको, कारण अगो नेहमी आत्तापासून मागे मोजतं, मध्ये दुसरी भिंत येतच नाही. भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तर अगो जातं आणि बिफोर किंवा अर्लियर येतं: शी सेड शी हॅड गॉन देअर टू इयर्स बिफोर. आपल्याकडे दोन्हीला ‘दोन वर्षांपूर्वी’च म्हणतात आणि गोष्ट जुनी झाली की होते जोडायची सवय, म्हणून खूप जुनं असेल तर हॅड असा एक गैरसमज तयार होतो. जुनंपणाचा आणि हॅडचा काही संबंध नाही. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट साध्या भूतकाळात सांगता येते आणि पाच मिनिटांपूर्वीच्या गोष्टीला हॅड लागू शकतो.

आता बीन. हे तुमच्या कामात रोज लागणार आहे आणि शाळेत याच्याकडे फार लक्ष दिलं जात नाही. जाण्याच्या अर्थाने इंग्रजीत गॉन आणि बीन अशी दोन तिसरी रूपं वापरली जातात असंच धरा. गॉन म्हणजे गेला आणि त्या वेळी तिकडेच आहे किंवा वाटेत आहे. बीन म्हणजे जाऊन आला. व्हेन यू कॉल्ड, शी हॅड गॉन टू द साइट, तुमचा फोन आला तेव्हा ती जागेवर नव्हती, साइटवर होती. शी हॅड बीन टू द साइट ट्वाइस बिफोर द मीटिंग, मीटिंगच्या आधी ती दोनदा जाऊन आली होती, म्हणजे दोन्ही वेळा परतही आली होती. आपल्या ‘जाऊन आले होते’ला हॅड बीन टू हे अगदी तंतोतंत बसतं. रिपोर्टमध्ये कोण जागेवर होतं आणि कोण नव्हतं हा प्रश्न येतोच, तिथे गॉन आणि बीनची अदलाबदल झाली तर नंतर स्पष्टीकरणाचे चार मेल लिहावे लागतात.

हॅड वेंट मात्र कुठेच लिहू नका. बोलण्यात काही इंग्रजी बोलींत ते ऐकू येतं पण लिखाणात चालत नाही. वेंट आणि गॉन एकमेकांसारखे का दिसत नाहीत असा प्रश्न मुलाला पडला असेल तर त्याला हे जरूर सांगा, की वेंट हे मुळात गोचं रूपच नव्हतं, ते वेंड नावाच्या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ होता, सेंड-सेंट, बेंड-बेंट तसं वेंड-वेंट. गोचा स्वतःचा जुना भूतकाळ मागे पडला आणि १५व्या शतकाच्या आसपास त्याची जागा या वेंटने घेतली, तिसरं रूप मात्र गॉनच राहिलं. नववीतल्या मुलांना पाठांतरापेक्षा अशी गोष्ट जास्त लक्षात राहते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न आणि नकार यात आपला हॅड सगळ्यात जास्त घुसतो. ‘तुम्ही फोन केला होता का?’ याचं हॅड यू कॉल्ड मी होत नाही, डिड यू कॉल मी होतं. ‘काल तुम्ही गेला होतात का?’ डिड यू गो यस्टरडे. ‘मी काल गेले नव्हते’, आय डिडन्ट गो यस्टरडे. तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये हे नक्की सापडेल, आधी हेच दुरुस्त करा कारण हे दिवसातून अनेकदा येतं. उलट जर-तरच्या वाक्यात हॅड हवाच असतो आणि तिथे आपण तो घालत नाही. ‘मी गेले असते तर त्यांची भेट झाली असती’, मराठीत दोन्हीकडे असते-असती म्हणून आपण दोन्हीकडे वुड हॅव घालतो. बरोबर वाक्य असं: इफ आय हॅड गॉन, आय वुड हॅव मेट हिम. इफच्या बाजूला हॅड, दुसऱ्या बाजूला वुड हॅव. ‘गेले असते तर बरं झालं असतं’ अशी चुटपुट सांगायला आय विश आय हॅड गॉन. इथे ‘त्याच्या आधीच’वाली परीक्षा लावू नका, हा हॅड न घडलेल्या गोष्टीचा आहे, त्याचं काम वेगळं.

गोचे अर्थ फक्त चालत किंवा गाडीने जाण्याचे नाहीत हे तुम्हाला कामात दिसत असेलच. प्राइसेस हॅड गॉन अप, समथिंग हॅड गॉन राँग, ही हॅड गॉन क्वाएट, इथे जाणं म्हणजे बदलणं, आणि बहुतेकदा बिघडणं. कारण सांगणाऱ्या रिपोर्टात हे वारंवार येतं: वुई रिवाइज्ड द कोट बिकॉज प्राइसेस हॅड गॉन अप. कोट, म्हणजे क्लायंटला कळवलेला दर, बदलली ही भिंत, भाव वाढले ते आधी. हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं वापरायला देते, सेल्समध्ये लागेल.

आणि एक गोष्ट तातडीची. तुम्ही हॅड लिहायचाच नाही असं ठरवलंय म्हणता, तर आय हॅड अ कॉल विथ द क्लायंट यातला हॅड काढला नाहीत ना? तो हॅड स्वतःच मुख्य क्रियापद आहे, साधा भूतकाळ आहे, त्याला हात लावू नका. हॅडच्या नंतर क्रियापदाचं तिसरं रूप असेल तरच आपला हा सगळा विचार लागू.

आता मॅनेजर. तुम्ही धरून चाललाय की इंग्लिश पक्कं असल्याशिवाय त्यांच्याशी बोलायचा हक्क नाही, आणि मला हे अजिबात मान्य नाही. चूक दाखवणं आणि सगळ्यांसमोर चूक दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीबद्दल तुम्ही त्यांचे आभार मानू शकता आणि दुसरी थांबवायला सांगू शकता, एकाच वाक्यात. त्यांचा हेतू काय असेल हे मला पत्रावरून कळत नाही, काही माणसं रिप्लाय ऑल दाबताना खरंच विचार करत नाहीत. मेल नको, पाच मिनिटं भेटा आणि मराठी येत असेल त्यांना तर मराठीतच सांगा: ‘तुम्ही दुरुस्त्या करता त्याचा मला उपयोग होतोय, हॅडचा घोळ काय होता तेही आता कळलंय, फक्त इथून पुढे दुरुस्ती मला एकटीला पाठवाल का, सगळ्यांच्या मेलवर आली की क्लायंटच्या माणसांनाही दिसते.’ क्लायंटचा उल्लेख जरूर करा, कारण तो खरा आहे आणि कामाचा आहे. नंतरही सीसी थांबलं नाही तर मग तो इंग्रजीचा प्रश्न राहत नाही, वागण्याचा होतो, आणि तो त्यांच्या वरच्या माणसाकडे नेण्यात काही गैर नाही.

मुलाला ‘मी तुला चुकीचं शिकवलं’ म्हणून अपराधी होऊन बसू नका, जे तुम्हाला शिकवलं तेच तुम्ही दिलंत. त्याच्यासमोर ती पर्चेस हेडची दोन वाक्यं ठेवा, वेंटचं आणि हॅड गॉनचं, आणि त्यालाच विचारा की कुठल्या वाक्यात भेट झाली असती. तो सांगेल. मग त्याच्या पेपरात चुकलेली वाक्यं घ्या आणि दोघं मिळून प्रत्येकाची भिंत शोधा. ज्याला सापडणार नाही तिथे हॅड खोडायचा. शिकवणारी आई आणि शिकणारा मुलगा असं न करता दोघांनीही एकाच पानावर पेन्सिल चालवली तर तो पुन्हा विचारायला लागेल असं मला वाटतं, निदान माझी तशी खूप इच्छा आहे.

क्लासबद्दल. वय आड येत नाही, पण तुमच्या या अडचणीला क्लास हे पहिलं औषध नाही. बहुतेक स्पोकनच्या क्लासमध्ये बारा काळांचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून घेतात, तो तुम्हाला पाठ आहेच, त्या तक्त्यानेच तर घोळ केला. आधी तुमच्या सेंट फोल्डरमध्ये हॅड शोधा, जुने मेल काढा, प्रत्येक हॅडपुढे थांबून त्याची भिंत शोधा. रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं. काही दिवसांत तुमच्या ठरावीक चुका कुठल्या ते तुम्हालाच दिसेल, त्या फार नसतील, दहा वाक्यांत तीच तीच येत असतील. त्यानंतरही बोलायला अडखळायला होतंय, मीटिंगमध्ये शब्द सुचत नाहीत असं वाटलं तर क्लास जरूर लावा, फक्त पैसे भरायच्या आधी शिकवणाऱ्यांना विचारा की मी माझे ऑफिसचे मेल नावं काढून आणले तर त्यावर काम करून घ्याल का. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा.